सोलरचं पाणी पहाटे कोमट येतं? नळ्या बदलण्याआधी हे तपासा

चतुर्थी आटोपली, पाऊस ओसरला, की माझा फोन वाजायला लागतो. दिवाळी जवळ येते तसा तो जास्तच वाजतो. नरकचतुर्दशीला पहाटे चार-साडेचारपासून घरातल्या सगळ्यांना एकामागून एक गरम पाणी हवं असतं आणि नेमका त्याच दिवशी गच्चीवरचा पाणी तापवायचा सोलर दगा देतो. तक्रारही ठरलेली: "भाऊ, पाणी तापत नाही, नळ्या गेल्या वाटतं. बदलून टाका."

मी गोव्यात, फोंड्यात राहतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत लोकांच्या गच्च्यांवर चढून सोळा वर्षं हेच काम करतो आहे. बहुतेक घरांत पाणी वर व्यवस्थित तापलेलं असतं. ते रात्रीत निवतं, नाहीतर न्हाणीपर्यंत पोचेस्तोवर त्यात गार पाणी मिसळतं. नळ्या म्हणजे ऊन शोषून पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या; त्या बदलून यातलं काहीच सुटत नाही, आणि हजारो रुपये मात्र जातात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी लक्षणं

आपल्या घरी नक्की काय होतं ते दोन दिवस नीट बघा. "पाणी तापत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही.

– दुपारी चारला कढत पाणी येतं, पहाटे कोमट. म्हणजे तापतं आहे, टिकत नाही किंवा संध्याकाळीच संपतं आहे.
– कडक उन्हाच्या दिवशी दुपारी तीनलासुद्धा कोमटच. म्हणजे ऊन पोचत नाही, नळ्यांमध्ये दोष आहे किंवा खालीच कुठेतरी गार पाणी मिसळतं आहे.
– अंघोळ करता करता मध्येच गार, परत गरम. किंवा गार पाण्याच्या नळाला कोमट पाणी येतं. हे दोन नळांचं पाणी एकमेकांत शिरत असल्याचं पक्कं लक्षण.
– बादली-दीड बादली गार पाणी सोडून दिल्यावरच गरम येतं.
– धार बारीक, मध्ये मध्ये हवा फसफसते.
– टाकीच्या उभ्या व्हेंट पाइपातून (हवा-वाफ ये-जा करायला ठेवलेल्या उघड्या पाइपातून) पाणी सांडतं, भिंतीवर डाग पडतात.

जून ते सप्टेंबरमध्ये आठ-आठ दिवस पाणी गार येत असेल तर तो बिघाड धरू नका. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. ढगांतून झिरपलेल्या उजेडावर पाणी थोडंफार तापतं, अंघोळीइतकं नाही. तेव्हा टाकीतला विजेचा हीटर वापरायचा.

उष्णता जाते कुठून

जुन्या घरातलं न्हाणीतलं भाण, म्हणजे पाणी तापवायचं तांब्याचं मोठं भांडं, ज्यांना आठवतं त्यांना हे लगेच कळेल. खाली नारळाची सोडणं पेटवली की जाळाची उष्णता तांब्याच्या पत्र्यातून आत शिरायची, हे वहन. तळाचं पाणी तापून हलकं व्हायचं आणि वर चढायचं, वरचं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरायचं, हे अभिसरण. आणि चुलीसमोर उकिडवं बसलं की निखाऱ्यांची धग थेट नडग्यांना लागायची, हे प्रारण. प्रारणाला मध्ये काहीच लागत नाही. म्हणूनच पंधरा कोटी किलोमीटरच्या पोकळीतून सूर्याची उष्णता साधारण सव्वाआठ मिनिटांत आपल्या स्लॅबवर येऊन पडते.

सोलरमध्ये हे तिन्ही एकापुढे एक जोडलेले आहेत. ऊन प्रारणाने नळीच्या काळ्या लेपावर येतं, तिथून काचेतून वहनाने पाण्यात जातं, आणि पाणी स्वतःच अभिसरणाने वर टाकीत चढतं. पंप नाही, मोटर नाही. ज्या वाटेने उष्णता आत येते तशाच वाटांनी ती बाहेरही जाऊ शकते. कुठल्या टप्प्यावर ती निसटते एवढंच शोधायचं आहे. सगळ्यात सोप्या आणि फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात करू.

तपासणी १: पाण्याचा हिशेब

यात खर्च शून्य. १०० लिटर पाणी २८ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण ३.७ युनिट वीज लागेल इतकी उष्णता लागते. ती ऊन दिवसातून एकदाच देतं. संध्याकाळी तुम्ही पन्नास लिटर काढलंत की तेवढंच गार पाणी खालून टाकीत शिरतं आणि ते दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत गारच राहतं.

कळंगुटच्या बाजूला एका घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. घरमालकीण सांगत होत्या की डिसेंबरातच सोलर बिघडतो, पावसाआधी छान चालतो. डिसेंबरात पाहुणे समुद्रावरून येऊन अंगावरचं खारं पाणी धुवायला संध्याकाळी भरपूर अंघोळी करायचे. पहाटे घरच्यांना उरायचं ते गार. सोलरला काही झालं नव्हतं.

गरम पाणी हलकं, म्हणून ते टाकीत वरच्या थरात राहतं आणि बाहेर पडायचा पाइपही वरच असतो. त्यामुळे अर्धं पाणी वापरलं तरी उरलेलं वरचं गरमच यायला हवं. तसं न होता सगळीच टाकी एकदम कोमट होत असेल तर गार पाणी आत जोराने घुसून थर ढवळतं आहे. टाकीकडे येणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा-पाऊण बंद करून बघा. कित्येकदा एवढ्यानेच फरक पडतो.

तपासणी २: मिक्सर

माझ्या अर्ध्याहून जास्त चकरा या एका गोष्टीपायी होतात, म्हणून हे नीट वाचा.

वॉल मिक्सरला गरम आणि गार अशा दोन चाव्या असतात. काही जण दोन्ही चाव्या एकदा बेताने लावून ठेवतात आणि रोज पाणी बंद करतात ते पुढच्या हँड शॉवरच्या खटक्याने. पाण्याला बाहेर वाट नाही, पण मिक्सरच्या आत गरम आणि गार लाइन एकमेकींना जोडलेल्याच राहतात. मग जिकडे दाब जास्त तिकडून पाणी दुसरीकडे सरकतं. गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप असला, किंवा ती टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच असली, तर गार पाणी गरम लाइनमध्ये शिरतं. आवाज नाही, गळती नाही. घरात दुसरा कुठलाही गरम नळ उघडला की त्यातून हे मिसळलेलं पाणी येतं. हिशेब करून बघा: ६० अंशांचं एक तांब्या आणि २८ अंशांचे दोन तांबे एकत्र केले की हाती येतं ३८-३९ अंशांचं कोमट पाणी. लोकांना वाटतं टाकीतच पाणी ३९ अंश आहे.

म्हार्दोळच्या एका काकूंकडे माझ्याआधी दोघे जण येऊन गेले होते. एकाने चार नळ्या बदलल्या, दुसऱ्याने टाकी बदलायला सांगितली. मी गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, लख्ख ऊन. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाइपला टाकीजवळ हात लावला तर चटका. तोच पाइप जिन्याच्या भिंतीवरून जिथे खाली उतरतो तिथे हात लावला तर माठासारखा गार, आणि खाली नळ तर वाहत होता! टाकीतलं गरम पाणी जागचं हललंच नव्हतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये, जिथे महिनाभर कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या होत्या. त्या बंद केल्या आणि दहा मिनिटांत खाली वाफाळतं पाणी आलं. काकू म्हणाल्या, "मग त्या चार नळ्यांचे पैसे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तपासायची पद्धत अशी. सकाळी सहा-साडेसहाला, ऊन चढायच्या आधी, सोलरच्या टाकीकडे येणारा गार पाण्याचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. घरातले सगळे नळ बंद ठेवून एकच गरम नळ उघडा. टाकीतली पातळी बाहेर पडायच्या पाइपाखाली गेली की काही मिनिटांत धार मंदावून थांबायला हवी. धार तशीच जोरात चालू राहिली तर ते पाणी गार लाइनमधूनच येतं आहे. आता एकेका बाथरूममधल्या मिक्सरखालचा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करत जा. ज्याला हात लावल्यावर धार थांबेल तो मिक्सर दोषी. काम झालं की गेट व्हॉल्व्ह लगेच उघडा, विसरू नका.

दोन चाव्यांचा मिक्सर असेल तर चाव्या बंद करायची सवय लावली की झालं. एका दांड्याचा मिक्सर असेल तर आतलं कार्ट्रिज झिजलेलं असतं, ते प्लंबर अर्ध्या तासात बदलतो. पंप असलेल्या घरात गरम लाइनला, व्हेंटच्या पुढे, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवून घ्यावा.

तपासणी ३: पाइप

पाऊण इंची पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीपर्यंत वीस मीटर पाइप असेल तर पाच लिटर पाणी रात्रभर त्यातच निवत पडलेलं असतं आणि सकाळी आधी तेच बाहेर येतं. हा दोष नाही, पाइपाची लांबी आहे. पण पाच लिटरच्या जागी वीस लिटर जात असेल तर पाइपावरचं काळं फोमचं वेष्टन बघा.

फोम उष्णता अडवतो ते त्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर. स्थिर हवा फार मोठी दुर्वाहक आहे. पाणी तिच्या वीसपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. आपल्याकडे उन्हात फोम दोन-तीन वर्षांत तडकतो, मग पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि हवेच्या जागी पाणी बसतं. असं भिजलेलं वेष्टन असून नसल्यासारखंच. बोटाने दाबून बघा, पाणी सुटलं तर काढून नवीन घाला आणि वरून उन्हाला टिकणारी टेप गुंडाळा. जोडांवर, वळणांवर फट ठेवू नका. सत्तरी तालुक्याकडच्या घरांत वानरं फोम ओरबाडतात, तिथे वरून पीव्हीसीचा मोठा पाइप चढवलेला बरा.

तपासणी ४: सावली आणि मळ

सोलर बसवला तेव्हा जे ऊन होतं ते आज आहे का? आंबा दहा वर्षांत केवढा वाढतो. शेजारी दुसरा मजला चढतो. आणि आपल्या गोव्यातली खास गोष्ट म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड. पावसात स्लॅब गळू नये म्हणून सगळेच ती घालतात. मी कित्येक घरं पाहिली जिथे शेड घालताना सोलर कडेला सरकवला आणि दुपारनंतर पत्र्याची सावली नळ्यांवर पडू लागली. सकाळी नऊ ते दुपारी तीन हा वेळ महत्त्वाचा. एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला वर जाऊन फोनवर फोटो काढा, सावली कुठून येते ते फोटोच सांगतील. हे थंडीत करा, कारण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या लांब पडतात. मे महिन्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सगळंच ठीक दिसतं.

पावसाळ्यानंतर नळ्यांवर शेवाळाचा हिरवट थर असतो. खाणपट्ट्यातल्या रस्त्यांच्या कडेला लाल धूळ, समुद्राकाठी खारट पांढरी पूट. मऊ फडकं आणि साधं पाणी पुरतं. धुवायचं ते पहाटे किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

तपासणी ५: हवा आणि व्हेंट

नळाचं पाणी एक-दोन दिवस बंद राहिलं आणि टाकी रिकामी झाली की पाइपाच्या उंच वळणात हवा अडकते. वर पाणी गरम, खाली बारीक धार. सकाळी लवकर घरातले सगळे गरम नळ पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं सोडा, बहुधा हवा निघून जाते.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी. नळ्यांत पाणी नसताना त्यांच्यावर ऊन पडत राहिलं तर आतली काच दोनशे अंशांच्याही वर तापते. अशा नळ्यांत दुपारी गार पाणी सोडलं तर त्या फटाफट फुटतात. टाकी रिकामी झाल्याचा संशय आला तर व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पाणी भरा.

व्हेंट पाइपाचं तोंड उघडं आहे ना ते खालूनच बघा. त्यात गांधीलमाश्या घर करतात. पाणी सांडतं म्हणून कोणी कोणी त्यावर टोपण बसवतात, ते तर कधीच करू नये. या टाक्या दाबासाठी बनवलेल्या नसतात. आत वाफ धरली तर टाकी फुगते, आणि पाणी वेगाने निघून गेलं की हवा आत येऊ न शकल्यामुळे तीच टाकी चेपते. साखळी गावात अशी एक टाकी पाहिली, कोणी तेलाचा रिकामा डबा पायाने दाबावा तशी आत गेलेली. व्हेंटमधून सांडत असेल तर त्याचं कारण शोधायचं, आणि ते बहुधा तपासणी २ मध्ये सापडतं.

तपासणी ६: नळ्या

आता कुठे नळ्यांकडे वळू. काचेची नळी दुहेरी असते आणि दोन काचांमधली हवा काढून घेतलेली असते. १८९२ साली जेम्स ड्युअर यांनी अतिथंड द्रव साठवायला असंच दुहेरी भिंतींचं निर्वात भांडं केलं. घरातला थर्मास त्याच जातीचा. मधल्या पोकळीत ना वहन होतं ना अभिसरण, कारण उष्णता उचलून न्यायला तिथे कणच नाहीत. ऊन मात्र प्रारणाने आरपार येतं. आतल्या काचेवरचा काळपट लेप उन्हातले नव्वद टक्क्यांहून जास्त शोषतो, आणि स्वतः तापल्यावर उष्णता बाहेर फेकतो फार थोडी. त्यामुळे आत येणं सोपं आणि बाहेर जाणं अवघड.

पोकळी शाबूत आहे का, हे नळी न काढताही कळतं. दोन खुणा आहेत. नळीच्या खालच्या टोकाला आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा पातळ थर, उरलासुरला वायू शोषून घ्यायला मुद्दाम घातलेला. काचेला चीर जाऊन आत हवा शिरली की बेरियम तिच्याशी संयोग पावतो आणि चंदेरी डाग दुधी पांढरा पडतो. टोक प्लॅस्टिकच्या कपात बसवलेलं असेल तर खाली वाकून, टॉर्च मारून बघा. पंधरा नळ्यांत एक पांढरी असेल तर ती लगेच ओळखू येते, दातांच्या ओळीत किडका दात दिसावा तशी.

दुसरी खूण हाताची. दुपारी एकच्या सुमारास एकेका नळीला बाहेरून हाताची मागची बाजू हळूच टेकवा. चांगली नळी आत साठ अंशांचं पाणी असूनही बाहेरून फारशी तापलेली नसते. एखादी शेजारणींपेक्षा बरीच गरम लागली तर तिची पोकळी गेली. ती दिवसा कमी तापवते आणि रात्री इतर नळ्यांनी मिळवलेली उष्णताही घालवते. पण पंधरांत एक-दोन गेल्या म्हणून सगळं पाणी गार पडत नाही. कोणी सगळा संच बदलायला सांगितलं तर आधी पांढऱ्या नळ्या मोजून दाखवायला सांगा.

तपासणी ७: गाळ आणि क्षार

नळी खालून बंद असते. विहिरीचं किंवा बोअरवेलचं पाणी असेल तर बारीक गाळ वर्षानुवर्षं तळाशी साठत जातो. एका मोठ्या नळीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी असतं, आणि ते सारखं फिरत असतं, उन्हाकडच्या अंगाने वर, खालच्या अंगाने खाली. गाळ साठला की फिरायची जागा तेवढी कमी.

क्षारांबद्दल एक गैरसमज आहे. "क्षारांच्या थरामुळे उष्णता आत जात नाही" असं सगळेच सांगतात. काचेच्या नळीत एक मिलिमीटरचा थर असला तरी तापमानात एखाद्या अंशाचाही फरक पडत नाही, कारण ऊन नळीच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरून येतं. तिथे क्षारांचा त्रास होतो तो वाट अडवण्याचा. काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याचं पॅनेल असलेल्या जुन्या सोलरच्या बारीक नळ्यांत तर पाणी फिरणंच थांबतं, वरची काच चटचटते आणि टाकी गार. पण टाकीतल्या विजेच्या हीटरच्या एलिमेंटवर तोच एक मिलिमीटर घातक आहे. बोटाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या त्या वळीतून दोन हजार वॅट बाहेर पडायचे असतात. वर थर बसला की आतली तार पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते आणि एक दिवस जळते. मचूळ पाण्याच्या विहिरीवर एलिमेंट दर दीड-दोन वर्षांनी जातो तो यामुळे.

नळ्या काढून धुणं हे घरी करायचं काम नाही. पाण्याने भरलेली काच असते, रबरी रिंग फाटते आणि मग टाकी गळते. विहिरीच्या पाण्यावर दर दोन वर्षांनी आणि बोअरवेलच्या पाण्यावर दर वर्षी पावसाळ्यानंतर माहीतगाराकडून करून घ्या.

तपासणी ८: टाकी रात्रीत निवते का

यासाठी शंभर अंशांचा एक थर्मामीटर आणा. संध्याकाळी सहाला, सगळ्यांच्या अंघोळी आधीच आटोपलेल्या असताना, टाकीजवळच्या नळातून पाणी काढून मोजा. रात्री कोणी गरम पाणी वापरायचं नाही. पहाटे पाचला परत मोजा. पाच-सात अंश उतरले तर टाकी ठणठणीत. दहा-बाराच्या वर गेलं तर टाकीच्या आवरणातला पफ (उष्णता अडवणारा फोम) भिजला आहे. पहाटे टाकीवर सगळीकडे तळहात फिरवा. दव पडलेल्या गार पत्र्यावर एखादा चकदळा उबदार आणि कोरडा लागला तर उष्णता तिथून निसटते आहे. समुद्राकाठी बाहेरचा पत्रा टाकीखाली, पाइपाच्या तोंडाशी आधी गंजतो, पाणी तिथूनच शिरतं.

तांब्याच्या पॅनेलचा सोलर असेल तर आणखी एक कारण संभवतं. टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा साधारण एक फूट तरी उंच हवा. तो खाली असेल तर रात्री उलटा प्रवास सुरू होतो. निरभ्र रात्री पॅनेल आकाशाकडे प्रारणाने उष्णता टाकून निवतं, पहाटे गाडीच्या टपावर दव धरतं ते याच कारणाने. निवलेलं जड पाणी खाली घसरतं आणि टाकीतलं गरम पाणी पॅनेलमध्ये येऊन तेही निवतं. रात्रभर हेच चक्र. ढगाळ रात्रीनंतर पाणी बरं आणि चांदण्या रात्रीनंतर गार, असं होत असेल तर हेच कारण. टाकी उचलून घ्यावी लागते.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

एलिमेंट, थर्मोस्टॅट, त्याची वायर, एमसीबी यातल्या कशालाही हात लावू नका. पाण्याला झिणझिण्या येत असतील तर मेन बंद करून आधी इलेक्ट्रिशियनला फोन, सोलरवाल्याला नंतर. अर्थिंग मोजल्याशिवाय कोणी नुसता एलिमेंट बदलून देत असेल तर थांबवा.

कौलारू उतरत्या छपरावर किंवा शेवाळलेल्या स्लॅबच्या कडेला सोलर असेल तर चढू नका, कितीही सोपं दिसलं तरी. नळी फुटलेली असेल तर काचा उचलायला जाऊ नका, वरून गरम पाणी ओतत असतं. गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दूर व्हा.

स्टँडचे पाय गंजून पापुद्रे सुटत असतील तर त्या सोलरखाली उभंसुद्धा राहू नका. २०० लिटरचा सोलर पाण्यासकट तीनशे किलोच्या घरात जातो. वेल्डरला पावसाआधीच, मे महिन्यात बोलवायचं. पाणी लालसर येत असेल, टाकीच्या शिवणीतून थेंब गळत असतील, टाकी फुगलेली किंवा चेपलेली दिसत असेल, तर वरून एम-सील फासून वेळ काढू नका.

माणूस बोलावताना फोनवर चार गोष्टी सांगा: संध्याकाळी सहाचं तापमान, पहाटे पाचचं तापमान, गरम पाणी यायच्या आधी किती लिटर गार गेलं, आणि गेट व्हॉल्व्ह बंद केल्यावर धार थांबली की नाही. एवढं कळलं की येताना पिशवीत काय घालायचं ते मला घरूनच ठरवता येतं, आणि दुसरी चक्कर पडत नाही.